बाप्तिस्म्याच्या कोरड्या हौदातून

तमाम मंडळी, पंच, पाहुणे, पास्टर लोक, त्यांच्या बायका, आणि दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही अशा सर्व सज्जनांस गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, धानोऱ्याच्या एका लहानशा चर्चच्या पास्टरीणबाई, वय पन्नाशीच्या आत पण फार आत नाही, प्रकृती धडधाकट, आवाज खणखणीत, या एका मोहाच्या हंगामात रोज दुपारी बाप्तिस्म्याच्या कोरड्या हौदात लपून बसत असत. सदर बाई म्हणजे मीच. या गोष्टीचा मला पश्चात्ताप झालेला नाही आणि होण्याची चिन्हंही दिसत नाहीत. कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती लेखी द्यावी. चूल पेटवायला कागद कमीच पडतो.

हे आजच जाहीर करायचं कारण एवढंच, की मोह पुन्हा गळायला लागला आहे.

मोहाचा वास नाकाने घेता येत नाही. तो घशात उतरतो. गूळ करपायच्या बेताला यावा आणि त्यात कोणी ओलं गवत टाकावं, तसं काहीसं. पहाट झाली की आमच्या आवारातलं झाड फुलं सोडू लागतं. त्याच्या काही फांद्या चर्चच्या पत्र्यावर आल्या आहेत. सकाळच्या प्रार्थनेत पास्टर, म्हणजे आमचे घरधनी, डोळे मिटून "हे स्वर्गीय बापा" म्हणतात आणि वर पत्र्यावर टप्प. "आम्ही पापी लोक" म्हणतात, टप्प. कोणीतरी हजेरी घेतंय असं वाटतं. मिशनच्या जुन्या लोकांनी हे झाड का राखलं हे एक कोडंच आहे. मोह म्हटला की लोकांना दारू आठवते. आमचे पंच अजूनही त्या झाडाकडे, पुढच्या बाकावर येऊन बसलेल्या पिऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. हाकलता येत नाही, आणि बसू द्यायलाही जीव होत नाही.

पण त्या झाडाची सावली मोठी आहे. आणि आमचं आवार सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे. सगळी कथा या दोन वाक्यांतून निघाली.

जंगलातल्या गावाहून पेशंट येतो तेव्हा तो एकटा येत नाही. बायको, भाऊ, सून, शेजारी, गावातला एक बोलका माणूस आणि पायाला दोरी बांधलेली एक कोंबडी, अशी वरात येते. पेशंटला खाट मिळते. वरातीने जायचं कुठे? ती आमच्या मोहाखाली येते, तीन दगड मांडते आणि भात चढवते. लग्न होऊन आले तेव्हा हे पाहिलं आणि मी मीठ नेऊन दिलं. नुसतं मीठ. मिठामागून मिरची गेली, मिरचीमागून तांदूळ, तांदळामागून आमची भाताची मोठी गंजी. मग डॉक्टरशी मराठीत बोलायला मी गेले, कारण मला गोंडी मोडकीतोडकी येते आणि डॉक्टरला तेवढीही येत नाही. मग गडचिरोलीला पाठवलेल्या पेशंटच्या गाडीत मी. मग चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या जिन्यावर, कोणाच्या तरी सासूचा हात धरून, मीच. कळवळ्याला बोट दिलं की तो मनगट धरतो म्हणतात. माझ्या बाबतीत त्याने खांदा, कंबर आणि दुपारची झोपही धरली.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. देवाने मला गळा दिला, हातवारे दिले आणि एक नाटकी जीव दिला. या सगळ्याला धानोऱ्यात दुसरीकडे कुठे वाव होता? एकदा नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरला, अस्वलाने माणसाला नेमकं कसं धरलं हे काही केल्या कळेना. गोंडी शब्द मला येईना, मराठी शब्द पेशंटच्या बायकोला येईना. तेव्हा मी वॉर्डातच अस्वल झाले. दोन्ही हात वर केले, हुंकार दिला आणि कंपाउंडरच्या खांद्यावर पंजा मारला. डॉक्टर मागे सरकून सलाइनच्या दांड्याला जाऊन लागला. पण जखम कुठून कुठे गेली असणार हे त्याला बरोबर कळलं. खाटेवरची माणसं कळ विसरून हसली. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, प्रभूने मला याच कामासाठी घडवलंय.

अस्वल आणि मोह यांचा संबंध बाहेरच्या लोकांना सांगावा लागतो. मोह अस्वलाला माणसापेक्षा जास्त आवडतो. दोघंही अंधुक उजेडात एकाच झाडाखाली पोचतात, दोघंही खाली मान घालून फुलं वेचतात, आणि एकदम समोरासमोर येतात. म्हणून आमच्याकडे हा हंगाम गोडही आणि रक्ताचाही. आणि आमच्या ख्रिस्ती माणसांचा उपवासकाळ नेमका याच दिवसांत पडतो. पोटात उपास, हवेत मोह, भिंतीपलीकडे अस्वलाने फाडलेली माणसं आणि झाडाखाली पाच-पाच चुली.

ज्या सालाची गोष्ट सांगते आहे त्या सालात माझ्या आतलं काहीतरी आटलं.

ते मला कळलं ते असं. एक पोरगी माझ्या गळ्यात पडून रडत होती. बाळाला ताप होता, ताप डोक्यात गेला होता, ती नवऱ्याशिवाय आली होती. माझा हात सवयीने तिच्या पाठीवर फिरत होता. तोंडातून 'होईल बरं, होईल बरं' निघत होतं. आणि तिच्या डोक्यावरून मी बघत होते की दोरीवरच्या चादरी वाळल्या की नाही. आत काहीच हललं नाही. पोरीचे अश्रू माझ्या ब्लाउजमधून थेट कातडीला लागले आणि मला वाटलं, अरे देवा, आता हा धुवावा लागणार.

मी घाबरले. संताप आला असता तर घाबरले नसते. संताप माझ्या घरचाच आहे. पण हे कोरडेपण मला परकं होतं. नंतर नंतर तर फाटक वाजलं की मी दाराआड सरकायचे. "पास्टरीणबाई कुठी हाय?" हे शब्द कानावर पडले की मला उत्तर द्यावंसं वाटायचं, मेली.

एका संध्याकाळी मी पास्टरांना सांगून टाकलं, की पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, होऊ दे, मग मी फाटकाला कुलूप घालते आणि बल्लारपूरला भावाकडे निघून जाते. तिथे कागदाच्या गिरणीचा वास येतो, पण त्या वासाला माझं नाव माहीत नाही. आमचे पास्टर भले माणूस. त्यांनी माझा हात धरला, म्हणाले, प्रार्थना करू. त्यांनी डोळे मिटले. मी चप्पल घातली.

तर हौद. चर्चच्या मागे अर्धा जमिनीत गेलेला सिमेंटचा हौद आहे. तीन बाजूंनी भिंत, एका बाजूने उतरायला पायऱ्या. बाप्तिस्मा घेणारा त्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, त्यामुळे सणाच्या आदल्या दिवसापर्यंत तो कोरडाच असतो. एका दुपारी फाटक वाजलं, माझ्या पायांनी मला न विचारता मागची वाट धरली, आणि मी पदर खोचून त्या हौदात उतरले.

काय सांगू. आत गारवा होता. सिमेंटला ओलीची जुनी आठवण असावी असा वास होता. कोपऱ्यात एक पाल, वाऱ्याने आलेली थोडी वाळकी मोहफुलं, वर चौकोनी आभाळ. बाहेर आवाज माझं नाव घेत फिरून गेला. मी श्वास धरून बसले. मग बसल्या बसल्या झोपले. दुसऱ्या दिवशी जाताना सतरंजी नेली. तिसऱ्या दिवशी चिंच आणि मीठ.

तिथे मी काय केलं, असं पुढे मला फार गंभीर चेहऱ्याने विचारण्यात आलं. चिंतन केलं का? प्रभूच्या दुःखसहनाचा विचार केला का? मी चिंचोके थुंकले. किती लांबवर नेम धरता येतो ते पाहिलं. पालीने बहुतेक वेळा नेम चुकवला. मग मी घोरले.

सुकरीने मला तिथेच पकडलं. सुकरी म्हणजे त्या हंगामातली आमच्या झाडाखालची मोठी मालकीण. तिच्या नवऱ्याला, दसरूला, अस्वलाने खांद्यापासून कोपरापर्यंत सोललं होतं. बरेच दिवस दवाखान्यात होता. सून जैनी बरोबर होती. सुकरी सगळ्यांना अरे-तुरे करते, देवालाही. तंबाखू ओठात, काठी हातात. इतर चुलींनी पाणी कुठे सांडायचं हे तीच ठरवायची. मला शोधत ती मागे आली, हौदात वाकून पाहिलं आणि निघून गेली. दुसऱ्या दुपारी पुन्हा आली, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दुपारी मी अर्धवट झोपेत असताना वरून आवाज आला, "बाई, हा तुझा पोलो हाय का?"

मी म्हटलं, हो. झोपेत माणूस कशालाही हो म्हणतो. बायकांची लग्नं अशीच झाली आहेत.

पोलो म्हणजे काय हे इथे सांगायला हवं. यांच्या गोंड गावांत काही दिवस पाळले जातात. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, जंगलात जायचं नाही. पाळला नाही तर एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं वाईट होतं, म्हणून सगळं गाव पोलोवर लक्ष ठेवतं. मोडणाऱ्याने कोंबडी द्यायची. आता सुकरीच्या हिशोबाने गोष्ट सरळ होती. ही बाई दिवसभर धावते. ऊन डोक्यावर आलं की धर्माच्या खड्ड्यात जाऊन बसते, हलत नाही, बोलत नाही, कोणाचं काम करत नाही. हा पोलो नाही तर काय? ख्रिस्ती लोकांचा असेल, दुपारपुरता.

तिने झाडाखाली जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून हौदाकडे जायच्या वाटेवर ती काठी आडवी टाकून बसली.

पहिले अडले ते आमचे पास्टर. त्यांना माझ्याकडून कपाटाची किल्ली हवी होती. सुकरीने काठी उचलली नाही. बाईचा पोलो आहे म्हणाली. पास्टर म्हणाले, आमच्यात पोलो नसतो. त्यावर तिने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "तुझ्याच धरमाचं हाय, आन तुलेच माईत नाई?" पास्टर परत गेले. संध्याकाळी जेवायला बसले. मग हळूच म्हणाले, तिचं अगदीच चूक आहे असं नाही. दहा आज्ञांतली चौथी आज्ञा, विसाव्याचा दिवस पाळण्याची, आपण दर रविवारी लोकांना सांगतो आणि त्याच दिवशी आपल्याला श्वास घ्यायला सवड नसते.

दुसरे अडले दानियेलभाऊ. त्यांच्याबद्दल नीट सांगते, कारण माणूस साधा नाही. वनखात्यातून रिटायर झालेले, ताठ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचे, आमचे सगळ्यांत जुने पंच. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, कित्येक वर्षांपूर्वी लकवा मारला. तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. दानियेलभाऊ त्यांना आंघोळ घालतात, वेणी घालतात, कुशीवर वळवतात, चमच्याने आंबील पाजतात. कधी कोणाला हाक मारली नाही. कोणी मदत करू का विचारलं, तर 'प्रभू बळ देते' म्हणून दार लावून घेतात. आमच्या चर्चमध्ये सेवेवर प्रवचन झालं आणि दानियेलभाऊंचं नाव निघालं नाही असं कधी झालं नाही. नाव निघालं की ते समोर बघत बसतात, भिंतीसारखे.

ते आले होते झावळ्यांच्या रविवारचं, म्हणजे सणाच्या आधीच्या रविवारचं, बोलायला. शिंदीच्या फांद्या कोण आणणार, एवढंच. सुकरीने काठी आडवी धरली. दानियेलभाऊ जन्मभर जंगलात लोकांना अडवत आलेले. त्यांना कोणी अडवल्याची सवय नव्हती. ते काठी ओलांडून दोन पावलं पुढे आले आणि सुकरी म्हणाली, आता कोंबडी द्यावी लागते. त्यांना वाटलं थट्टा आहे. ती संध्याकाळी त्यांच्या दारात कोंबडी मागायला गेली. तेव्हा त्यांना कळलं, थट्टा नाही. मी हे सगळं नंतर ऐकलं आणि पोट धरून हसले. फार दिवसांनी हसले. हसताना लक्षात आलं की तिथे आत, जिथे काहीच हलत नव्हतं, तिथे काहीतरी थरथरलं.

मग तो दिवस आला. दसरूच्या जखमेत पू झाला होता आणि त्याला गडचिरोलीला न्यायचं ठरलं. गाडी लागली. निरोप द्यायला दवाखान्याचा माणूस भिंत चढून आमच्या आवारात आला. वेळ माझ्या हौदाची होती आणि वाटेवर काठी घेऊन सुकरी होती. नवरा तिचाच.

तिने मला उठवलं नाही.

मी डोळे चोळत बाहेर आले तेव्हा गाडी गेलेली होती. दसरू गेला, सोबत जैनी गेली. जैनीला मराठीची चार वाक्यं धड येत नव्हती. मी सुकरीवर अशी कडाडले की झाडावरचे कावळे उडाले. मले काऊन नाई उठवलं, तुझा नवरा होता, तिथे डॉक्टरशी कोण बोलणार, काही झालं तर? सुकरीने तंबाखू थुंकला. तिने मला काही उपदेश केला नाही. "तू मेली तं उद्या भात कोन देईन?" एवढंच म्हणाली. मग पदराने डोळे पुसले, आणि काठी घेऊन पुन्हा जागेवर जाऊन बसली, जणू अजून कोणीतरी येणार होतं.

ती सबंध संध्याकाळ मी चर्चच्या पायरीवर बसून काढली. दसरूचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या झोपेच्या डोक्यावर बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या भीतीच्या तळाशी एक गोष्ट बसलेली दिसली. ती मी आजवर कुठल्याही कबुलीच्या प्रार्थनेत म्हटली नव्हती. आम्ही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणतो. मी मनातल्या मनात त्यापुढे आणखी एक नाव जोडलं होतं, पास्टरीणबाई. त्रैक्यात चौथी खुर्ची टाकून बसले होते. मी गाडीत नसेन तर गाडी गडचिरोलीला पोचणारच नाही, अशी माझी श्रद्धा होती, आणि ती देवावरच्या श्रद्धेपेक्षा जुनी होती. एवढं मोठं पद सांभाळून कोण थकणार नाही?

दोन दिवसांनी जैनी कपडे न्यायला परत आली. दसरू बरा होता, जखम पुन्हा धुतली होती. जैनी आल्या आल्या झाडाखाली उभी राहिली आणि सगळ्या चुलींना सांगू लागली. तिथल्या डॉक्टरला कळेना. तिला मराठी सुचेना. तेव्हा तिने काय केलं? तिने अस्वल केलं. पदर कमरेला बांधून, वाकून, फुलं हुंगत आली, थबकली, आणि दवाखान्याच्या गाडीवाल्याच्या अंगावर अशी झेपावली की तो ओरडला. माझ्यापेक्षा चांगलं केलं, असं दोन्ही अस्वलं पाहिलेल्या त्या गाडीवाल्याचं मत पडलं. माझी भूमिका पळवली पोरीने. मला राग आला, हेवा वाटला, मग मी हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते थांबेना. त्या पोरीची पावलं चालून सुजली होती. ती दोन दिवस धड जेवली नव्हती. मला ते दिसलं. सांगावं लागलं नाही, आठवावं लागलं नाही, दिसलं. मी तिला हाताला धरून बसवलं आणि भात वाढला. दोरीवर चादरी होत्या की नव्हत्या, देव जाणे.

मोह कोणी झोडपत नाही. चिंच झोडपतात, आवळा झोडपतात, आंब्याला दगड मारतात. मोहाखाली जाऊन वाट बघतात. पहाटे जे पडतं ते वेचायचं, ऊन वर आलं की टोपली उचलून घरी जायचं. भर दुपारी टोपली मांडून कोणी झाडाला हलवत उभी राहिली तर बायका हसतील. आणि उद्या पहाटे पुन्हा खाली फुलांचा सडा असतो. झाडाने तो रात्रभरात कुठून आणला हे विचारत कोणी बसत नाही. हा दृष्टांत माझा आहे. पास्टरांनी तो दोनदा प्रवचनात वापरला आणि माझं नाव घेतलं नाही, म्हणून इथे छापून ठेवते.

मी बल्लारपूरला गेले नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. तिथून मोहाच्या गोष्टी कोण लिहील? या क्षणीही झाडाखाली तीन चुली आहेत, एका चुलीवर कोणाचं तरी भांडण शिजतंय. मी मघाशी दोघींना घेऊन दवाखान्यात जाऊन आले, नव्या नर्सबाईंशी वाद घातला, जिंकले. थकले आहे. पण हा थकवा वेगळा आहे, कुदळ मारून आल्यासारखा. याला झोप येते. त्या सालच्या थकव्याला झोपही येत नव्हती. कोणी मला विचारतं, इतकी वर्षं हे कसं जमतं बाई, तुमचा विश्वास मोठा. मी म्हणते, विश्वास म्हणजे दुपारी डोळे मिटणं. मी झोपले असताना जग चालवणारा कोणी आहे, हे ज्याला खरंच पटलं तोच घोरू शकतो. लोकांना वाटतं मी विनोद केला.

पण हे हक्काचं घोरणं फुकट मिळालं नाही. त्यासाठी लढावं लागलं, आणि ती लढाई सांगून मी गप्प बसते.

झावळ्यांचा रविवार. हातात शिंदीच्या फांद्या घेऊन आम्ही होसान्ना म्हणत चर्चला वळसा घातला. भक्ती संपल्यावर पंच कमिटी मोहाखालीच खुर्च्या टाकून बसली, कारण आत पत्रा तापला होता. चुलीवाल्या बायका अंतर राखून बसल्या, पण सगळ्यांचे कान इकडे. दानियेलभाऊंनी विषय काढला. ख्रिस्ती पाळकाच्या घरात पोलो पाळला जातो अशी बाहेर चर्चा आहे. पंचाला दारात कोंबडी मागितली जाते. सेवेला सुट्टी नसते, प्रभूने कधी रजा घेतली नाही. तेव्हा हौद आता सणानंतर रिकामा करायचा नाही. विहीर आटली तर टँकर आणून, पण बारमाही भरलेला ठेवायचा. कोणी एकाने मान डोलवली. दुसऱ्याने ते मेणबत्तीचं काढलं, स्वतः जळून दुसऱ्याला उजेड देते ते.

मी उठले. कमिटीत मला बोलायचा अधिकार नाही. अधिकार मागत बसले असते तर सण होऊन गेला असता. मी म्हटलं, मेणबत्तीचं पुढे काय होतं ठाऊक आहे? सकाळी तिला सुरीने खरवडून काढतात. मला खरवडून घ्यायचं नाही. देवाने मला मेणाची केली नाही. प्रभूने रजा घेतली नाही म्हणता? नावेत वादळ घुसलं तेव्हा प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. उशी, दानियेलभाऊ! वादळात ज्याने उशी शोधली त्याचे आपण शिष्य. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, देवाने त्याला प्रवचन दिलं का? निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. आणि सातव्या दिवशी खुद्द देव कामाला गेला नाही. तो थकला होता म्हणून नव्हे, तर आपण चौथी खुर्ची टाकू नये म्हणून.

फांद्या हातात तशाच धरून मंडळी बघत होती. पास्टर जमिनीकडे बघत होते, पण त्यांची मिशी हसत होती.

मी शेवटचं सांगितलं. चूल चालू राहील, हौदही कोरडा राहील. एक बंद केलंत तर दुसरं मी बंद करते आणि बल्लारपूरची गाडी धरते. कळवळा पाहिजे असेल तर कळवळा करणारीला डोळे मिटू द्यावे लागतील. आणि हा नियम माझ्यापुरता नाही. या मंडळीत जो कोणी दुसऱ्याचं ओझं वाहतो, त्याला दुपारचा तो हौद. ज्याला हरकत असेल त्याने उभं राहून सांगावं.

दानियेलभाऊ उभे राहिले.

मी पदर खोचला. ते सदरा नीट करू लागले, आणि मला प्रथमच दिसलं की त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, छातीपाशी, वाळलेल्या आंबिलीचा एक ओघळ आहे. ठराव बोलायला त्यांनी तोंड उघडलं. डोळे माझ्यावर नव्हते. ते चर्चच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथून हौदाची वाट सुरू होते. वरून एक चुकार फूल त्यांच्या खांद्यावर पडलं, ते त्यांनी झटकलं नाही. आणि मग त्या माणसाच्या तोंडून, ज्याने इतक्या वर्षांत मंडळीकडे कधी काही मागितलं नव्हतं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने निघून गेलं:

"मंग तेवढ्या टायमाले शांताजवळ कोन बसन?"